डांबरावरची बोट

मागच्या महिन्यात बँकेच्या कामासाठी पालघरला गेलो होतो. चौकाच्या अलीकडे गर्दी दिसली म्हणून थांबलो. रस्त्यावर मोटारसायकलींचे सायलेन्सर ओळीने मांडून ठेवले होते, बाजारात मासे मांडतात तसे, सगळ्यांची तोंडं एका बाजूला. मोठा आवाज करणाऱ्या गाड्यांवर कारवाई चालली होती. एक पोलीस रोलरवाल्याला हाताने पुढे बोलावत होता आणि माणसं मोबाइल वर धरून उभी होती. रोलर आला, गेला. काहीतरी मोठा आवाज होईल असं मला वाटलं होतं. तसं काही झालं नाही. पत्र्याचा डबा पायाखाली यावा, तेवढंच. ओळीतल्या शेवटच्या, लांब मानेच्या सायलेन्सरकडे मी पाहत राहिलो आणि तो चपटा झाल्यावरही तिथून हललो नाही. शेजारच्या माणसाने विचारलं, "तुमचा होता काय त्यात?" मी नाही म्हणालो. माझा फार पूर्वी गेला.

आमचं घर सातपाटीत, बंदराला लागून असलेल्या दुसऱ्या गल्लीत. घराला दोन खोल्या, पुढे ओटा आणि मागे मासे धरायच्या वागरी, दोर, फ्लोट ठेवायची पत्र्याची पडवी. घरात वास कायम सुकटीचा. पाहुण्यांना तो आल्या आल्या जाणवायचा, आम्हाला गाव सोडून परत आल्यावर. सकाळी तांदळाची भाकरी आणि रात्रीचं शिळं कालवण, ते दुसऱ्या दिवशी घट्ट होऊन जास्त गोड लागतं. आई ओट्यावर बसून जवळा पाखडायची. समोरच्या ओट्यावर मथुराकाकी. दोघींची लग्नं एकाच वर्षी झालेली, दोघींचे नवरे तांडेल, म्हणजे बोट हाकणारे. दिवसभर त्या आपापल्या सुपावर मान घालून एकमेकींशी भांडल्यासारख्या बोलायच्या. पण खाडीच्या तोंडाशी एखाद्या बोटीचं इंजिन ऐकू आलं की दोघींची सुपं थांबायची.

बाहेरच्या माणसाला सगळी इंजिनं सारखी वाटतात. आमच्याकडच्या बायकांना बोट दिसायच्या आधी कळायचं कुणाची आली ते. कुणाचं इंजिन खोकायचं, कुणाचं शिट्टी मारायचं. आमच्या बोटीला बायका ढोलकी म्हणायच्या. तिचं जुनं दोन सिलिंडरचं इंजिन हळू चालायचं, आणि बाबांनी धुराचा पाइप आखूड कापून त्यावर स्वतःच्या हाताने पत्र्याची टोपी बसवली होती. त्यामुळे तीन ठोके मोकळे आणि चौथा दबलेला, असा तिचा आवाज होता. तो आला की आई सूप खाली ठेवून पाटी उचलायची आणि बंदराकडे चालू लागायची. मला भूक लागली असेल, चुलीवर काही असेल, तरी. मी लहानपणी त्या आवाजाचा राग करायचो. तो आला की आई जायची.

मी दर्यावर गेलो नाही. मला बोट लागायची. बाबांनी दोन हंगाम नेऊन पाहिलं, मी दोन्ही वेळा तळाशी बर्फाच्या कप्प्याजवळ पडून राहिलो. मग मी आयटीआय केलं आणि बोईसरच्या एका कारखान्यात लागलो.  पुढे खलाशी मिळेनासे झाले, पापलेट मिळेनासं झालं, आणि घरचा मुलगा बोटीवर नाही म्हटल्यावर त्यांनी बोट विकायला काढली. मथुराकाकीच्या नवऱ्याने, काशिनाथकाकाने, ती इंजिनासकट घेतली. परक्या गावात जाण्यापेक्षा समोरच्या घरात गेली, हे सगळ्यांना बरं वाटलं. फक्त एक झालं. ढोलकीचा आवाज खाडीत आला की आता मथुराकाकी पाटी उचलायची. आईसुद्धा उठायची, अर्धी. मग पुन्हा बसायची आणि पाखडायला लागायची. मी हे ओट्याच्या पायरीवर बसून पाहिलं आहे. आईचं अर्धं उठणं मला आजही दिसतं.

बाबा मात्र बंदराकडे जाईनासे झाले. पहिल्यापासून कमी बोलणारे, त्यात इंजिनाशेजारी बसून बसून कान निम्मे गेलेले. ते ओट्यावर खाडीकडे पाठ करून बसत. कुणी काही विचारलं तर मान हलवत, ती हो की नाही हे समोरच्याने ठरवायचं. आई मला म्हणायची, "त्यांना जरा कुठंतरी ने. घरात बसून त्यांचं लाकूड झालंय."

त्या सुमारास मी एक जुनी बुलेट घेतली होती. आमच्या खात्यातल्या सगळ्या पोरांना गाडीचं वेड. बोईसरला स्टेशनच्या पलीकडे यादवजी नावाच्या मिस्त्रीचं गॅरेज होतं, तिथे सुट्टीच्या दिवशी सायलेन्सर बदलायला रांग लागायची. कंपनीचा मूळचा सायलेन्सर म्हणजे भित्र्या माणसाची गाडी असं आम्ही मानायचो. मीही बदलायचं ठरवलं होतं. मला हवा होता तो चकचकीत, तोंडाशी भोंग्यासारखा फाकलेला, ॲक्सिलेटर सोडला की फटाके उडवणारा. कारखान्याच्या गेटमधून बाहेर पडताना सगळ्यांनी वळून पाहावं, एवढीच माझी इच्छा होती. जाताना आईचं बोलणं आठवलं म्हणून बाबांना मागे बसवून घेतलं.

यादवजीने एकेक पाइप जोडून गाडी चालू करून दाखवली. मला हवा असलेला आधी लावला. मी बाबांकडे पाहिलं. ते तोंड वाकडं करून रस्त्याकडे बघत होते. दुसरा लावला, तिसरा लावला. मग यादवजीने कोपऱ्यातून एक लांब मानेचा, काळा पडलेला पाइप काढला. तो चालू झाल्यावर बाबा बाकावरून उठले. जवळ आले, उकिडवे बसले आणि पाइप जिथे कमी तापतो तिथे त्यांनी फडकं ठेवून त्यावर तळहात टेकवला. बराच वेळ तसेच होते. मग त्यांनी यादवजीला खूण करून सांगितलं, हळू. यादवजीने स्क्रू फिरवून इंजिन हळू केलं. बाबा म्हणाले, "अजून हलू." इंजिन बंद पडेल असं वाटण्याइतकं हळू झालं. बाबांनी जमिनीवरचा एक लाकडाचा तुकडा उचलून पाइपाच्या तोंडाशी अर्धा आडवा धरला, थोडा सरकवला, आणि एका जागी थांबले. तीन ठोके मोकळे, एक दबलेला.

यादवजी हसला. "चाचा, ये तो नाव जैसा बज रहा है."

बाबा माझ्याकडे वळून म्हणाले, "हा घे."

कित्येक महिन्यांत त्यांनी स्वतःहून मला सांगितलेली ही पहिली गोष्ट होती. मी तो घेतला. माझ्या मनातला चकचकीत पाइप भिंतीवर परत टांगला गेला. लाकडाच्या तुकड्याच्या जागी यादवजीने आत पत्र्याची आडवी जीभ बसवून दिली. मी त्याला विचारलं, पोलीस पकडतील का? पाइपावर इंग्रजीत बारीक अक्षरात लिहिलं होतं की हा रस्त्यावर वापरण्यासाठी नाही. यादवजीने त्यावर अंगठा ठेवला आणि सांगितलं की आतली नळी लावलेली असेल तर कोणी काही विचारणार नाही. ही नळी म्हणजे भोकं पाडलेला एक छोटा पाइप. तो आत सरकवून बाहेरून एका बोल्टने कसायचा, की आवाज कंपनीच्या गाडीइतका होतो. काढला की मोकळा. तेव्हाही मला माहीत होतं की नळी लावली तरी पाइप कायद्यात बसत नाही, आणि मला ते माहीत नव्हतं असं मी इथे लिहिणार नाही.

नळी न लावता गाडी घेऊन आम्ही गावात शिरलो. गल्लीच्या तोंडाशी आलो तेव्हा मथुराकाकी पाटी घेऊन घराबाहेर पडलेली आणि आई ओट्यावर अर्धी उठलेली. खाडीचं पाणी समोर, पलीकडच्या काठावर मुरबे गाव. आवाज पाण्यावर जाऊन परत येतो, तो रस्त्यावरून आला की खाडीतून, हे कळत नाही. आम्हाला बघून काकी कमरेवर हात ठेवून उभी राहिली.

"मेल्या, मला वाटला माझा नवरा आला, आला तू."

आई तोंडाला पदर लावून हसत होती. संध्याकाळी खरोखरच बोट लागली, तेव्हा काशिनाथकाकाला सगळं कळलं. तो मुद्दाम गाडी बघायला आला, तिच्याभोवती फिरला, सीटवर थाप मारून बाबांच्या कानाशी ओरडला, "तांडेल, आता दोन बोटी झाल्या. येक पाण्यावर, येक डांबरावर." बाबा हसले. मी पाहिलं.

त्यानंतर रोज संध्याकाळी मी कामावरून आलो की बाबा ओट्यावर तयार असत. त्यांना मागे बसवून मी शिरगावच्या किल्ल्यापर्यंत जाऊन परत यायचो. वाटेत ते बोलायचे. इथे वारा असा असतो, तिथे खडक आहे, अमक्याची बोट तिथे लागली होती. मला निम्मं ऐकू यायचं नाही. आई म्हणायची, माणूस जेवायला लागला. काकी मात्र दोन-तीनदा फसली. एकदा भाकरी तव्यावर टाकून बंदरावर जाऊन आली, भाकरी जळली. तिने माझ्या नावाने गल्लीभर शिव्या दिल्या, आणि दुसऱ्या दिवशी मला तळलेलं पापलेट आणून दिलं.

मग बोईसर-पालघर रस्त्यावर हवालदाराने अडवलं. त्याने गाडी चालू करायला लावली, ऐकली आणि विचारलं, "वरात कुणाची?" मी कारखान्याचं ओळखपत्र दाखवलं. तो म्हणाला, कंपनीतून गाडी जशी निघाली तशीच ठेवायची, बदललं की गुन्हा. त्यात ओळखपत्राचा काय संबंध. दंड घेतला आणि पुन्हा दिसलास तर पाइप इथेच उतरवून घेईन म्हणाला. रागावलेला नव्हता. दवाखाना जवळ होता, त्याकडे त्याने बोट केलं, एवढंच.

मी पाइप उतरवला नाही. नळी वापरायला लागलो. सकाळी नळी लावून बोईसरला जायचं, संध्याकाळी नळी लावूनच पालघर ओलांडायचं, आणि शिरगाव मागे पडलं की रस्त्याखालच्या एका मोरीपाशी थांबायचं. बोल्ट काढायचा, तापलेली नळी फडक्यात धरून बाहेर ओढायची, पिशवीत टाकायची. शहरात मी कायदा पाळणारा आणि गावात ढोलकी. ही युक्ती मला तेव्हा फार हुशारीची वाटली. बाबांसाठी करतो, असं मी स्वतःला सांगायचो, आणि ते खोटं नव्हतं. हळूहळू हातांना सवय झाली. मोरी आली की गाडी थांबायची, पाना हातात यायचा. मला विचार करावा लागायचा नाही.

भाद्रपद संपत आला होता. सकाळपासून वारा उलटा होता. दुपारनंतर कारखान्याचे पत्रे वाजायला लागले. संध्याकाळी पालघरच्या एसटी स्टँडजवळ आमच्या गल्लीतली एक बाई पाटी रिकामी करून घरी निघालेली भेटली. तिने सांगितलं, सगळ्या बोटी परत फिरल्या, काशिनाथची नाय आली. लहान बोट, तिच्यावर वायरलेस नव्हता. मी तिला म्हणालो, येईल. आणि निघालो. वाटेत मी काशिनाथकाकाचाच विचार करत होतो, हे मला पक्कं आठवतं. शिरगाव मागे पडलं. मोरी आली. मी थांबलो, बोल्ट काढला, नळी ओढली, पिशवीत टाकली आणि पुढे गेलो.

इतक्या वर्षांत मी हे पुष्कळदा मनात उलटंसुलटं करून पाहिलं आहे. मला माहीत होतं बोट आली नाही. मला माहीत होतं माझ्या गाडीचा आवाज कुणाचा आहे. दोन्ही गोष्टी एकाच डोक्यात होत्या आणि एकीने दुसरीला हाक मारली नाही.

घरी कुणी नव्हतं म्हणून सरळ बंदराकडे वळलो. उजेड अजून थोडा होता. लिलावाच्या शेडच्या आडून रस्ता जातो, त्यामुळे मी त्यांना दिसत नव्हतो आणि ते मला. वारा माझ्या पाठीकडून खाडीकडे वाहत होता. शेडच्या पलीकडून बायकांचा गलका ऐकू आला. आली, आली, असं कुणीतरी म्हणत होतं. मलाही वाटलं, आली. मला आनंद झाला. मी ॲक्सिलेटर पिळला.

शेड ओलांडून वळलो आणि दिव्याचा झोत त्यांच्यावर पडला. मथुराकाकी चिखलात गुडघ्यापर्यंत गेली होती. तिच्या एका हातात चहाची किटली आणि खांद्यावर नवऱ्याचे कोरडे कपडे होते. तिचं तोंड खाडीकडे होतं आणि ती हसत होती. मग तिने वळून दिव्याकडे पाहिलं. बाकीच्या बायकांनीही पाहिलं. बाबा दोरांच्या ढिगावरून उठून खाडीच्या तोंडाकडे हात करून उभे होते. ज्यांनी तो आवाज निवडला, ते स्वतःही फसले होते. तो हात त्यांनी हळूच खाली घेतला. माझ्याजवळ आले आणि म्हणाले, "बंद कर."

मी बंद केली.   मथुराकाकी चिखलातून परत आली, किटली कठड्यावर ठेवली, आणि कपड्यांच्या घडीवर चिखल उडाला होता तो पदराने पुसत बसली. पुसून झालं तरी पुसत होती. आईने मला घरी जायला सांगितलं. मी गाडी ढकलत नेली.

दुसऱ्या दिवशी सकाळी भरतीला बोट आली. मुरब्याच्या एका बोटीने तिला दोर बांधून ओढत आणलं, त्यामुळे तिचा आवाज नव्हताच. काकी तेव्हा घरात होती. बोट आली म्हणून पोरं सांगत आली तर ती म्हणाली, मला काय आयकू आलं नाय. कुणीतरी हात धरून नेईपर्यंत ती उठली नाही. बोटीत खलाशी सगळे होते, काशिनाथकाका नव्हता. पंख्यात दोर अडकून इंजिन बंद पडलं, तो सोडवायला तो पाण्यात उतरला, आणि लाटेत बोटीखाली गेला तो वर आला नाही. खलाशी म्हणाले, दुपारचीच गोष्ट. म्हणजे मी कारखान्यात होतो तेव्हाची. मोरीपाशी थांबलो तेव्हा तो मेलेला होता. माझ्या आवाजाने त्याचं काही कमी-जास्त झालं नाही. हे मी स्वतःला सांगितलं आहे, बायकोने मला सांगितलं आहे, आणि ते खरं आहे. त्या सकाळी मला काहीच वाटलं नाही. मी गर्दीत उभा होतो, एवढंच सांगता येईल.

बाबांनी त्याच दिवशी पाना मागून घेतला आणि पाइप उतरवला. मूळचा सायलेन्सर मी बसवला. काढलेला पाइप त्यांनी गोणपाटात गुंडाळून मागच्या पडवीत वागरींच्या खाली ठेवला. फेकला नाही. त्यानंतर ते माझ्या गाडीवर बसले नाहीत. मी म्हणायचो, ते मान हलवायचे, आणि या वेळी तिचा अर्थ मला कळायचा.

ढोलकीच्या इंजिनात खारं पाणी शिरलं होतं. काकीच्या दिराने बोट चालवायला घेतली तेव्हा नवं इंजिन बसवलं आणि जुनं भंगारात गेलं. नवं चांगलं होतं, सगळ्यांसारखं वाजायचं. काकी तिच्या ओट्यावर पुन्हा बसायला लागली, आईशी बोलायला लागली. खाडीत इंजिन वाजलं की तिचं सूप आता थांबत नसे.

एका दुपारी मी घरी असताना ती आमच्या पायरीशी येऊन उभी राहिली. आई बाजारात होती. बाबा ओट्यावर, नेहमीसारखे पाठ करून. काकीने इकडचं तिकडचं विचारलं, मग म्हणाली, "तो पाइप हाय का रे अजून?"

मी विचारलं, कुठला. मला कळलं होतं तरी विचारलं.

"तोच. तुझ्या गाडीचा."

ती माझ्याकडे पाहत नव्हती, पायरीवरचा जवळ्याचा एक कण नखाने काढत होती. का हवा, हे तिने सांगितलं नाही. मी सांगितलं, "नाही काकी. भंगारात दिला." ती म्हणाली, बरा केलास, आणि समोर आपल्या घरी गेली. बाबांनी मान वळवून माझ्याकडे पाहिलं. त्यांना किती ऐकू आलं होतं मला माहीत नाही. पाइप आम्हा दोघांपासून दहा पावलांवर होता. दुसऱ्या दिवशी मी तो खरोखरच भंगारवाल्याला दिला, मी बोललो ते खोटं राहू नये म्हणून.

बंदरावरच्या त्या संध्याकाळपेक्षा ही दुपार मला जास्त छळते. ती संध्याकाळ हातांच्या सवयीने घडली. ही माझ्या तोंडाने. तिला एकदाच ऐकायचं होतं, की तो पाइप आहे म्हणून भीती वाटत होती, मला ठाऊक नाही. मी विचारलं असतं तर कळलं असतं. पुढेही विचारता आलं असतं. मी तो विषय काढला नाही, तिनेही नाही, आणि आता तिला फारसं आठवत नाही.

आई गेली, बाबा गेले. मी पालघरला राहतो आणि दर रविवारी गावी जातो. मुलाने मला बॅटरीवर चालणारी स्कूटर घेऊन दिली आहे. तिचा काडीचा आवाज नाही. पहिल्यांदा ती घेऊन मी काकीच्या ओट्यापर्यंत गेलो, तेव्हा काकी दचकली. तिला आता दिसतं कमी. सूप मांडीवरून खाली गेलं, जवळा सांडला. कोण आहे हे कळल्यावर ती छातीला हात लावून म्हणाली, "आवाज देत येत जा रे. माणसाला कळाया नको, कोण आला ते?"

मी जवळा गोळा करून दिला. तेव्हापासून गल्लीच्या तोंडाशी मी स्कूटर बंद करतो, उतरतो आणि ती ढकलत पायी जातो. तिथूनच हाक मारतो. आधी माझं नाव सांगतो, मग काकी म्हणतो. तिने मान वर करून मला दुसरं कुणी समजायच्या आत.